पादत्राणांचे हिवाळी रसग्रहण

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, कादंबरीची होते, नाटकाची तर मध्यंतरातच होते. समीक्षेचीही समीक्षा होते, तिच्यावर परिसंवाद भरतो, आणि परिसंवादातला चहा कोमट होता अशी तिसरी समीक्षा घरी जाताना होते. पण ज्याच्या आधाराने रसिक परिसंवादाला पोचतो आणि ज्याच्या काळजीने तो एका व्याख्यानात तीनदा दाराकडे बघतो, त्या पादत्राणाची समीक्षा करायचं मात्र कुणी मनावर घेत नाही. 'पायीची वहाण पायी बरी' असं म्हणून आपण तिला एकदा जी खाली ठेवली, ती कायमची. रामायणात पादुकांनी चौदा वर्षं राज्य केलं हे खरं. पण सिंहासनावर बसलेल्या पादुकांचा कुणाच्या पायाला काय उपयोग?

ही उणीव भरून काढण्याचा हा अल्पसा प्रयत्न. विषय अफाट आहे, म्हणून प्रबंधवाल्यांच्या रीतीने मी तो मुद्दाम आखडून घेतला आहे. प्रदेश जालना जिल्हा, ऋतू हिवाळा, वाहन सायकल, आणि प्रश्न एकच: पायाची बोटं गार पडू नयेत म्हणून पायात काय घालावं?

"जालन्यात कसली आलीय थंडी?" असं पुण्यामुंबईचे पाहुणे विचारतात. जालना म्हटलं की त्यांना ऊन आठवतं, मोसंबी आठवते, बियाणं आणि लोखंडी सळया आठवतात. थंडी ही महाबळेश्वरची मक्तेदारी आहे अशी त्यांची समजूत. त्यांनी एकदा जानेवारीत पहाटे सहाला जुन्या जालन्यातून कुंडलिकेचा पूल ओलांडून नव्या जालन्यात सायकलवर यावं. समुद्र इथून लांब, जमीन पठाराची, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली माती रात्री सगळी ऊब वर सोडून मोकळी होते. पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली; आणि दुपारी तोच पारा असा चढतो की सकाळी अंगात असलेला स्वेटर कॅरिअरला बांधावा लागतो. म्हणजे आमच्या पादत्राणाला एकाच दिवसात दोन ऋतूंची पात्रं रंगवावी लागतात. भल्या भल्या नटांना दुहेरी भूमिका झेपत नाही, तिथे एका बुटाची काय कथा!

त्यात सायकलचं एक वैशिष्ट्य आहे. ती वारा पैदा करते. झाडाचं पान हलत नसलं तरी ताशी पंधरा किलोमीटरनं जाणाऱ्याच्या पायावर ताशी पंधरा किलोमीटरचा वारा येतोच. हा वारा पायाभोवतीची उबदार हवा सतत पुसून नेतो. अंटार्क्टिकावर सिपल आणि पासेल नावाच्या दोन अमेरिकनांनी नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं, गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं आणि १९४५ साली जगाला सांगितलं की थंडी नुसत्या पाऱ्यावर नसते, वाऱ्यावरही असते. आमच्या अंबड रोडवरच्या कुठल्याही पेपरवाल्या पोराने त्यांना हे फुकटात सांगितलं असतं. वर नळकांडंही परत दिलं असतं.

आमच्या जिल्ह्यातल्या जांबेला १६०८ साली जन्मलेले समर्थ रामदास 'सावधान' ऐकताच लग्नमंडपातून निघाले आणि पुढे नाशिकजवळच्या टाकळीला राहिले, असं परंपरा सांगते. मंडपातून निसटणारा माणूस वहाणा शोधत बसत नसणार. पण समर्थ पायी गेले हे विसरू नका. चालणाऱ्याचा पाय प्रत्येक पावलाला वाकतो, दाबला जातो, सुटतो. त्यातून रक्त खेळतं. सायकलवर मांड्या राबतात, पोटऱ्या राबतात, आणि पाऊल मात्र पॅडलवर पाहुण्यासारखं बसून असतं. शरीराचा कारभारही सरकारी कारभारासारखाच. टंचाई आली की आधी राजधानी सांभाळायची. थंडी वाजली की हृदय, फुप्फुसं, मेंदू यांना पहिला पुरवठा, आणि शेवटच्या गावाला, म्हणजे पायाच्या बोटांना, कपात. मराठवाड्याच्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर आता प्रत्यक्ष कलाकृतींकडे वळू.

पहिली हवाई चप्पल. साधी, सुबोध, सर्वांना परवडणारी, प्रचंड खपाची. थोडक्यात, समीक्षक जिच्याकडे बघत नाहीत अशी लोकप्रिय कादंबरी. तिचं नाव ज्याने 'हवाई' ठेवलं त्याने आधीच सावध केलं होतं, कारण हवेला तिच्यात कुठेही अटकाव नाही. उन्हाळ्यात हाच तिचा गुण. हिवाळ्यात मात्र दोन पट्ट्यांमधून डोकावणारा अंगठा असा निळा पडतो की नीळकंठाची आठवण यावी. शिवाय थंडीत पॅडल मारताना ती पायातून सुटू नये म्हणून बोटं आवळून धरावी लागतात. आवळलेल्या बोटांत रक्त कमी जातं, आणि ती आणखी गार पडतात. आशय चांगला, पण अभिव्यक्ती उघडी.

दुसरी वहाण. यात दोन घराणी. एक कोल्हापुरी, जिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि जिच्यासारख्या चपला २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये मिरवल्या. मग इकडे गदारोळ झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. म्हणजे वाङ्मयचौर्याचा वादसुद्धा या क्षेत्रात होतो, आणि तुम्ही म्हणता इथे समीक्षेची गरज नाही! दुसरं घराणं आमच्याकडच्या शेतकऱ्याचं: जुन्या टायरचा तळ लावलेली जाडजूड वहाण. हिचा तळ मी थोर मानतो. सायकलचं पॅडल लोखंडी असेल तर ते पायातली ऊब शोषून घेतं. टायरच्या जाड तळापुढे त्याचं काही चालत नाही. काटाही हरतो. पण वरची बाजू उघडीच. भक्कम पायावर उभी असलेली, पण छप्पर नसलेली इमारत.

तिसरा कॅनव्हासचा बूट. शाळेत कवायतीला घालायचो आणि शनिवारी रात्री पांढऱ्या पॉलिशने रंगवायचो, तो. दिसायला पूर्ण बूट, वागायला निम्मी चप्पल. त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. आणि गव्हाहरभऱ्याच्या रानातून पायवाटेने सायकल आणली की दहिवराने भिजतो. भिजलेला कॅनव्हास हा उघड्या पायाहून वाईट, कारण उघडा पाय निदान पुसता येतो. या लेखकाचं वाचन चांगलं, पण स्वतःचं मत नाही. जो वारा येईल तो आत घेतो.

चौथा चामडी बूट. बांधिलकी मानणारा लेखक म्हणतात तो हाच. नाडी बांधल्याशिवाय याचं पान हलत नाही. वारा अडवतो, दहिवराला बराच वेळ दाद देत नाही, घोट्यापर्यंत असेल तर फारच उत्तम. दोष दोन. तळ चामड्याचा असेल तर पॅडलवरून घसरतो; तो रबराचाच हवा. आणि दुसरा दोष बुटाचा नसून बांधणाऱ्याचा: बांधिलकी फार आवळली की रक्ताभिसरण थांबतं. साहित्यातही हेच झालं, पण तो वेगळा विषय.

पाचवी कलाकृती स्त्रीलेखनाच्या दालनातली: अंगठ्याचे मोजे आणि वर चप्पल. अंगठा वेगळा, चार बोटं एकत्र, रंग कातडीचा. सायकल आणि स्कूटरवरच्या बायकांनी परंपरा आणि आधुनिकता यांचा इतका सुंदर समन्वय साधला आहे की पुरुष समीक्षकांनी त्याला हसण्यापलीकडे काही केलेलं नाही. पातळ नायलॉनचे असतात म्हणून ऊब बेताचीच, पण हेच लोकरीचे मिळाले तर आठ-दहा किलोमीटरला पुरतात. दुपारी काढून पर्समध्ये टाकता येतात हा अधिकचा गुण. दुहेरी भूमिका निभावणारं आतापर्यंतचं हे एकमेव पात्र.

सहावा प्रकार परदेशी वाङ्मयातला. बर्नार हिनो या फ्रेंच सायकलपटूने १९८५ साली, बूट ज्यात खटकन अडकतो अशा पॅडलवर टूर द फ्रान्स जिंकली, आणि तेव्हापासून जगभर त्या बुटांची टूम निघाली. आमचा पुण्याचा भाचा डिसेंबरात ते घेऊन आला. "मामा, या बुटांनी पायाची सगळी ताकद पॅडलला मिळते," असं म्हणून तो पहाटे मत्स्योदरीच्या दर्शनाला अंबडला निघाला. जुन्याच रस्त्याने, अर्थात. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. परत आला तेव्हा ताकद पॅडलला मिळालेली होतीच, ऊबही पॅडलला मिळालेली होती. बोटांना स्पर्श कळत नव्हता. बूट उलटा करून पाहिला तर तळाला हवेसाठी भोकं, आणि बोटांच्या मागेच धातूचे स्क्रू. आता ती फ्रान्सची शर्यत होते जुलैत. जुलैतल्या उन्हासाठी लिहिलेल्या पुस्तकाचं जसंच्या तसं भाषांतर जानेवारीत वाचलं की असंच होणार. थंड मुलखातले सायकलवाले या बुटांवर वरून एक रबरी आवरण चढवतात. भाच्याने तो उत्तरार्ध विकत घेतला नव्हता. "आवरण वेगळ्या पैशाने मिळतं, मामा," तो म्हणाला. त्याच्या मामीने गरम पाण्याचं घमेलं आणलं, पण त्याला स्पर्शच कळत नव्हता, म्हणून आधी आपला हात घालून पाणी कोमट असल्याची खात्री केली आणि मगच पाय ठेवू दिला. सायकलीच्या दुनियेत ज्याला तज्ज्ञ म्हणतात तो कधीकधी घमेल्याच्या या बाजूलाही असतो.

इथवरची समीक्षा पुस्तकी झाली. खरा समीक्षक आमचे दूधवाले काका. गेली कित्येक वर्षं हिवाळ्यात रोज पहाटे हँडलला दोन आणि कॅरिअरला दोन कॅन लटकावून ते खेड्यातून येतात. त्यांच्या पायात एक जुनापुराणा चामडी बूट आहे आणि तो स्पष्टपणे एक नंबर मोठा आहे. एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, बूट सैल होतोय तुम्हाला. वर एकच मोजा. दोन मोजे घालून घट्ट बसवा की!"

काकांनी माप माझ्या पातेल्यात उलटं केलं आणि म्हणाले, "कामून, सर? दोन मोजे कोंबले की पाय आवळतो. आवळला की गार पडतो. गर्दीत ऊब येती ती यस्टीत. बुटात पायाला हलायला जागा पायजे."

मी पातेलं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. पादत्राणाचं सगळं सौंदर्यशास्त्र या चार वाक्यांत आलं होतं. ऊब लोकर देत नाही, चामडं देत नाही. ऊब पाय स्वतःच तयार करतो. बाकीच्यांनी ती फक्त राखायची. आणि राखते ती मोज्याच्या धाग्यांत आणि बुटाच्या पोकळीत अडकलेली स्थिर हवा. रजई उबदार का, तर कापसात हवा असते म्हणून. तीच रजई दाबून दाबून गठ्ठा केली तर तिची सतरंजी होते. दोन मोजे कोंबून आवळलेला बूट म्हणजे पायाची सतरंजी. हवा गेली, रक्तही अडलं.

काकांकडून मिळालेलं बाकीचं शास्त्रही इथेच नोंदवून ठेवतो. मोजा लोकरीचा, कारण सुती मोजा घामाने भिजला की भिजलेलाच राहतो आणि ओलावा ऊब पळवतो. लोकर ओली झाली तरी थोडीफार माया ठेवते. बुटात तळाला वर्तमानपत्राची एक घडी. अग्रलेखाचं पान असल्यास उत्तम, ते जाड लागतं असं काकांचं मत. मला ते जड लागतं. संध्याकाळी ती घडी काढून टाकायची आणि रात्रभर बुटात कोरडे बोळे, म्हणजे सकाळी बूट सुका. मोज्यावर दुधाची रिकामी पिशवी चढवायची युक्ती पुष्कळजण सांगतात. वारा नक्की अडतो, पण घामही आतच राहतो, म्हणून ती जवळच्या फेरीपुरती. आणि शेवटचं, जे कुठल्याच चपलांच्या दुकानात सांगत नाहीत: पाय गार पडत असतील तर आधी कानाला मफलर आणि छातीला स्वेटर. राजधानीत सुबत्ता असली की शेवटच्या गावालाही पुरवठा सुरू होतो.

हे सिद्धान्त घेऊन मी बूट घ्यायला गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण सगळी दुकानं एकच आहेत. तिथे बुटाच्या किमती ९५ पैशांवर संपायच्या ते दिवस गेले, पण ती उतरती घडवंची आहे, जमिनीलगतचा तो तिरपा आरसा आहे, ज्यात माणसाला गुडघ्याखाली स्वतःचं व्यक्तिमत्त्व दिसतं. मी घरून लोकरीचा मोजा घालूनच गेलो होतो आणि तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. विक्रेत्याने माझ्या मोज्याकडे मे महिन्यातल्या स्वेटरकडे बघावं तसं बघितलं.

"साहेब, हा सात नंबर बघा. एकदम फिट."

"फिट नको. अंगठा हलला पाहिजे."

"वापरला की सैल होतो, साहेब."

हे वाक्य जगातल्या प्रत्येक बूटविक्रेत्याच्या बाळगुटीत असावं. सैल मागितला तर तो म्हणतो, "आतून सोल टाकू, घट्ट होईल." म्हणजे त्याच्या दुकानातला प्रत्येक बूट प्रत्येकाच्या मापाचा आहे, माप चुकतं ते पायाचं. मी आठ नंबर घेतला, सगळी बोटं आत पेटी वाजवल्यासारखी हलवून पाहिली, आणि निघालो. "पुढे जागा राहतेय," तो काळजीने म्हणाला. त्या जागेचेच तर मी पैसे दिले होते.

इथे समीक्षा संपायला हरकत नव्हती. पण मराठी समीक्षेला शेवटी एक प्रश्न विचारावाच लागतो: या कलेचं समाजाशी नातं काय? हा प्रश्न मला सकाळच्या रस्त्यावर दिसतो. राजूर रोडला, बदनापूरकडे, परतूर-मंठ्याच्या वाटांवर हिवाळ्यातल्या सकाळी मुलींच्या सायकलींची रांग असते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. या योजनेचं मी तोंड भरून कौतुक करतो. सायकल आली म्हणून शाळा सुटली नाही अशी मुलगी ज्याने पाहिली आहे, त्याला योजनांवर विनोद करणं जड जातं.

दुसरी योजना २०२३ च्या जुलैतली. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे द्यायचं शासनाने ठरवलं. विद्यार्थ्यामागे १७० रुपये. तीही चांगलीच. पण दोन चांगल्या कलाकृती शेजारी ठेवल्याशिवाय समीक्षकाला चैन पडत नाही, म्हणून मी ठेवल्या. बूट पहिलीपासून आठवीपर्यंत. सायकल आठवीपासून बारावीपर्यंत. म्हणजे बूट आणि सायकल यांची भेट फक्त आठवीत. एका इयत्तेची ओळख, मग कायमचा वियोग. नववीत मुलगी सायकलवर असते आणि तो बूट, असलाच तर, तिला लहान होतो. वर्षभरात पाय वाढतो, बूट वाढत नाही; आणि आवळलेल्या बुटाचं काय होतं ते दूधवाल्या काकांनी सांगितलंच आहे. तेव्हा ती बूट धाकट्या भावाला देते आणि स्वतः हवाई चपलेत पाय सरकवते. पाच किलोमीटर, पहाटेचा वारा, आवळलेली बोटं. वर्गात पहिल्या तासाला ती फळ्याकडे बघत असते असं गुरुजींना वाटतं. तिचं लक्ष बाकाखाली एका पायाने दुसरा पाय चोळण्याकडे असतं.

यात कुणाचा दुष्टपणा नाही. एका कचेरीने पाय पाहिले, दुसरीने पॅडल पाहिलं. पाय पॅडलवर असतो हे दोन्ही फायलींत एकदम दिसत नाही, इतकंच. सायकल देताना तिच्या हँडलला बुटांची एक जोडी अडकवून दिली तर फाईल फार जाड होणार नाही. आणि शासनाच्या टेबलावरून ती फाईल हलेपर्यंत आपल्याकडच्या दिवाळीच्या खरेदीतून धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलीला, गड्याच्या नातीला एखादी जोडी जायला काय हरकत आहे? फटाक्यांच्या एका माळेत लोकरीच्या मोज्यांचा जोड बसतो, आणि तो जास्त दिवस वाजतो.

फक्त घेताना एक करा. मुलीला दुकानात सोबत न्या, मोजा घालूनच बूट चढवायला सांगा, आणि "फिट बसला" असं विक्रेता म्हणाला की तो बाजूला ठेवा. त्याच्या पुढचा नंबर मागा. तो तक्रार करील, "पुढे जागा राहतेय."

म्हणावं, राहू द्या. पोरगी वाढतेय.